तासानंतर : मॅडम, तास नसतो तेव्हा तुम्ही काय करता?

(वाचकांच्या प्रश्नांना वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेची उत्तरं. या वेळी बहुतेक पत्रं प्राध्यापकांचं संशोधन आणि विद्यार्थ्यांच्या मनातली त्यांची प्रतिमा यांविषयी आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.)

प्रश्न : आमच्या मॅडमचे दिवसाला दोन-तीनच तास असतात. बाकीचा वेळ त्या प्रयोगशाळेचं दार आतून लावून बसतात. विचारलं तर ‘संशोधन चालू आहे’ एवढंच कळतं. वर्गात सगळे म्हणतात, आत काही चालत नाही. खरंच, आत काय चालतं? — दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

आधी त्या बंद दाराबद्दल सांगते. माझं स्वतःचं काम बियांच्या सुप्तावस्थेवर होतं. बी जिवंत असतं, त्याला पाणी मिळतं, ऊब मिळते, तरी ते रुजत नाही. असं का, एवढाच माझा प्रश्न, आणि त्यात माझी सगळी नोकरी गेली. काही बियांना रुजायला उजेड लागतो. अशा बिया अंधारात ठेवून तपासायच्या असतील तर मोजणीही अंधारातच करावी लागते, फार तर मंद हिरव्या दिव्याखाली. बीमध्ये फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. त्याच्यावर थोडा वेळ लाल प्रकाश पडला तरी रुजण्याची क्रिया सुरू होऊ शकते, आणि साध्या पांढऱ्या उजेडात लाल असतोच. म्हणजे मोजणी चालू असताना कोणी सहज दार उघडून ‘मॅडम, सही हवी होती’ म्हणालं की त्या पेट्री डिश बाद. माझ्याही दाराबद्दल बाहेर हेच बोललं जायचं, मला ते ठाऊक होतं आणि वाईटही वाटायचं.

आत काय चालायचं? मोजणी. अंकुरणाच्या चाचणीत साधारणपणे शंभर-शंभर बियांचे चार गट घेतात. ओल्या गाळणकागदावर त्या एकमेकींना चिकटणार नाहीत अशा चिमट्याने मांडायच्या, ठरावीक तापमानाच्या पेटीत ठेवायच्या आणि रोज एकाच वेळी बघायच्या. मूलांकुर बाहेर आला असेल तर ते बी रुजलं म्हणून नोंदवायचं आणि बाजूला काढायचं. हे एका तापमानाला झालं. मग दुसऱ्या तापमानाला, उजेडात, अंधारात, बीचं कवच घासून, न घासता. शेवटी जी रुजली नाहीत ती मेलेली आहेत की नुसती झोपलेली, हे कळायला कापून टेट्राझोलियमच्या द्रावणात ठेवायची. जिवंत पेशी असतील तर लाल रंग चढतो. मेलेलं बी तसंच फिकट राहतं. हे सगळं करून हाती येतो एक तक्ता. तो तक्ता सरळ, बोलका निघाला तर आनंद. पण बऱ्याचदा तो काहीच सांगत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्या वर्गाला हे दिसत नाही, कारण यात दिसण्यासारखं फारसं काही नाही. संशोधनाचं सिनेमातलं चित्र म्हणजे फसफसणारी चंबू-नळी आणि ‘सापडलं!’ अशी आरोळी. खरं काम म्हणजे माणूस खाली मान घालून मोजतो आहे, वहीत लिहितो आहे, आणि मध्येच थांबून ‘कालच्या आकड्याशी हे का जुळत नाही’ म्हणून भिंतीकडे बघतो आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, रिकामा बसलाय.

आणि हे झालं प्रयोगशाळेचं. इतिहासाचे प्राध्यापक दप्तरखान्यात जुनी कागदपत्रं उलगडत बसतात, आणि दिवसभरात कामाची एक ओळ मिळाली तरी तो दिवस चांगला गेला असं समजतात. समाजशास्त्रात तासाभराच्या मुलाखतीचा शब्दन् शब्द कागदावर उतरवायला कितीतरी तास जातात. गणितात तर कागद, पेन आणि डोकं. अँड्र्यू वाइल्स यांनी १९८६ ते १९९३ अशी सात वर्षं फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर जवळपास कोणालाही न सांगता काम केलं. १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली, तर तिच्यात फट निघाली. ती रिचर्ड टेलर यांच्या मदतीने १९९४ मध्ये बुजवली आणि १९९५ मध्ये निबंध छापून आला. त्या सात वर्षांतही ते विद्यापीठात शिकवत होतेच. समोर बसलेल्या मुलांना आपल्या सरांच्या डोक्यात काय चाललंय याचा पत्ता असणं शक्यच नव्हतं.

दाराआड आणखीही एक काम चालतं. ते कोणालाच आवडत नाही, पण टळत नाही. ते म्हणजे पैसे मागण्याचं काम. रसायनं, उपकरणं, संशोधक विद्यार्थ्याची पाठ्यवृत्ती, सगळ्यासाठी प्रकल्पाचा प्रस्ताव लिहावा लागतो, आणि बहुतेक प्रस्ताव नाकारले जातात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याचा हिशोब मांडला होता. २०१२ मध्ये तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे आलेल्या प्रस्तावांवर संशोधकांचा मिळून सुमारे ५५० माणूस-वर्षांचा वेळ गेला होता, आणि मंजुरी मिळाली होती जेमतेम पाचातल्या एका प्रस्तावाला. तुझ्या मॅडम संगणकासमोर कपाळाला आठ्या घालून बसलेल्या दिसल्या, तर त्या यातलंच काहीतरी करत असण्याची शक्यता बरीच आहे.

आता माझ्या आवडीचं एक उदाहरण. ते लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तणांच्या बिया जमिनीत किती वर्षं जिवंत राहतात, हे त्यांना बघायचं होतं. शेतकरी खुरपून खुरपून थकतात आणि तण येतच राहतं, म्हणून. १८७९ मध्ये त्यांनी वीस बाटल्यांत ओल्या वाळूबरोबर वेगवेगळ्या जातींच्या प्रत्येकी पन्नास बिया भरल्या आणि त्या बाटल्या कॉलेजच्या आवारात पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि बिया रुजतात का ते बघायचं. आधी दर पाच वर्षांनी काढत, मग दर दहा, आता दर वीस. बील १९१० मध्ये निवृत्त झाले, १९२४ मध्ये वारले. बाटल्या कुठे पुरल्या आहेत याचा नकाशा एका प्राध्यापकाकडून दुसऱ्याकडे येत राहिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये एक बाटली काढली. काढली ती रात्री, बियांना उजेड लागू नये म्हणून. आणि १४२ वर्षांपूर्वीच्या त्या बियांपैकी व्हर्बॅस्कम नावाच्या तणाच्या काही रुजल्या! शेवटची बाटली २१०० मध्ये निघायची आहे. गेल्या जवळजवळ दीडशे वर्षांत त्या आवारातून किती मुलं चालत गेली असतील. पायाखाली एक प्रयोग चालू आहे हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

तेव्हा वर्गाचा तर्क बाजूला ठेव आणि मॅडमना सरळ विचार : ‘मॅडम, तुम्ही सध्या कशावर काम करताय? मला बघायला मिळेल का?’ मला माझ्या सगळ्या नोकरीत हे विचारणारी मुलं फार थोडी भेटली. जी भेटली त्यांची नावं मला आजही तोंडपाठ आहेत.

प्रश्न : आमच्या विभागातल्या सर्वांत मोठ्या संशोधकाचं शिकवणं कोणालाच कळत नाही. ते फळ्याशीच बोलतात. उलट ज्या सरांचा एकही शोधनिबंध नाही ते अप्रतिम शिकवतात. चांगला संशोधक चांगला शिक्षक नसतो, हे खरं ना? — तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

नाही, आणि उलटंही खरं नाही. जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श यांनी १९९६ मध्ये या विषयावरचे ५८ अभ्यास एकत्र करून तपासले. संशोधन आणि अध्यापन यांतला सहसंबंध निघाला ०.०६, म्हणजे जवळजवळ शून्य. चांगला संशोधक चांगलं शिकवेलच असं नाही आणि वाईट शिकवेल असंही नाही. दोन वेगळी कौशल्यं आहेत. तुझ्या विभागात ती दोन वेगळ्या माणसांत वाटली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

फळ्याशी बोलणारे तुझे सर एकटे नाहीत. न्यूटनच्या मदतनीसाने लिहून ठेवलंय की त्याच्या व्याख्यानांना फार थोडी मुलं यायची, त्यांतल्या आणखी थोड्यांना ते समजायचं, आणि कित्येकदा कोणीच नसल्यामुळे तो भिंतींपुढे व्याख्यान द्यायचा. हे मी सरांची पाठराखण करायला सांगत नाही. मुलांना कळेल असं शिकवणं हे प्राध्यापकाचं काम आहे, आणि शोधनिबंधांचा ढीग त्यातून सुटका देत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. शिकवता शिकवता संशोधन घडतं. रिचर्ड डेडेकिंड यांना १८५८ मध्ये झुरिकला कलनशास्त्राची मूलतत्त्वं पहिल्यांदा शिकवावी लागली. शिकवताना त्यांना जाणवलं की ज्या वास्तव संख्यांवर हा सगळा डोलारा उभा आहे, त्यांनाच पक्का पाया नाही. भूमितीतल्या रेषेकडे बोट दाखवून ते मुलांची समजूत घालू शकले असते, पण त्यांचं स्वतःचं समाधान होईना. त्यातून त्यांनी वास्तव संख्यांची नवी मांडणी केली. तिला आज गणितात डेडेकिंड छेद म्हणतात. १८७२ मध्ये ती छापताना प्रस्तावनेत त्यांनी ही वर्गातली अस्वस्थता स्वतःच लिहिली आहे.

आणि ऑर्स्टेड! १८२० च्या वसंतात कोपनहेगनला व्याख्यान चालू असताना त्यांनी विजेच्या तारेजवळ होकायंत्र ठेवलं आणि सुई हलली. वीज आणि चुंबकत्व यांचं नातं विद्यार्थ्यांदेखत उघड झालं. गंमत म्हणजे ऑर्स्टेड यांनीच नोंदवलंय की सुईची हालचाल इतकी क्षीण होती की श्रोत्यांवर तिचा काही विशेष परिणाम झाला नाही. त्या दिवशी बाहेर पडताना कोणी म्हणालंही असेल, आजचं लेक्चर काही रंगलं नाही.

एमी नोएथरचं उदाहरण तर तुमच्या सरांच्या फार जवळचं आहे. ही जर्मन गणितज्ञ. स्त्री म्हणून गॉटिंगन विद्यापीठात तिला स्वतःच्या नावाने शिकवायची परवानगी नव्हती. १९१९ पर्यंत तिची व्याख्यानं तिथलेच गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर व्हायची. ती वर्गात तयार धडा सांगत नसे, डोक्यात शिजत असलेलं गणितच मांडत असे. बऱ्याच जणांना ते झेपत नव्हतं. ज्यांनी चिकाटी धरली त्यांच्यातून पुढे मोठे बीजगणिती झाले. वॅन डेर वार्डेन यांनी १९३०-३१ मध्ये लिहिलेलं बीजगणिताचं पाठ्यपुस्तक तिच्या आणि एमिल आर्टिन यांच्या व्याख्यानांवर उभं आहे, आणि जगभर पिढ्यान् पिढ्या त्याच मांडणीने शिकल्या.

म्हणून एक सुचवते. फळ्याशी बोलणाऱ्या सरांना तासानंतर गाठा, दोघं-तिघं मिळून. ‘सर, दुसरी पायरी तिसरीवर कशी गेली ते कळलं नाही’ असा नेमका प्रश्न न्या. ‘काहीच कळलं नाही’ म्हणू नका, त्यावर कोणालाच उत्तर देता येत नाही. वर्गासमोर अवघडणारी कित्येक माणसं तीन जणांसमोर फार सुंदर समजावतात. आणि छान शिकवणाऱ्या सरांना ‘तुमचा एकही निबंध नाही’ म्हणून कमी लेखू नका. नवं वाचल्याशिवाय, रोज स्वतःशी झगडल्याशिवाय असं शिकवता येत नाही.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवतो. यंदा नुसतं व्याख्यान बंद करून मुलांना वर्गातच गटागटाने गणितं सोडवायला लावली. परीक्षेचे निकाल सुधारले, पण मुलांनी भरलेल्या अभिप्रायात माझे गुण घसरले. ‘सर शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात.’ मी परत व्याख्यानाकडे वळू का? — तरुण प्राध्यापक

वळू नका. तुमच्या विषयातलाच एक चांगला प्रयोग आहे. हार्वर्डमध्ये लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक भौतिकशास्त्राच्या मुलांवर तो केला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला घोटीव, प्रवाही व्याख्यान दिलं आणि दुसऱ्याला स्वतः सोडवायला लावलं. चाचणीत दुसरा गट पुढे होता. पण ‘आम्ही जास्त शिकलो’ असं वाटलं मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांना! स्वतः धडपडताना अडखळायला होतं, आणि त्या अडखळण्याचा अर्थ मुलं ‘मला समजत नाहीये’ असा घेतात. ऐकताना सगळं सोपं वाटतं, तेच शिकणं वाटतं. त्याच संशोधकांना पुढे असंही दिसलं की सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना हे समजावून सांगितलं तर त्यांचा दृष्टिकोन बदलतो. तुम्ही ते पुढच्या सत्रात करा. पहिल्या तासाला या प्रयोगाचा आलेख फळ्यावर काढा आणि यंदाचे तुमचे निकालही दाखवा. आपल्यावर कुठली पद्धत वापरली जातेय आणि का, हे कळायचा मुलांना हक्कच आहे.

अभिप्रायांबद्दल मात्र थोडं सांभाळून बोलते, कारण मुलांचं म्हणणं मोडीत काढायला आपल्यासारख्यांना निमित्तच हवं असतं. १९७० मध्ये ‘डॉक्टर फॉक्स’ म्हणून एका नटाला डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञांपुढे उभं केलं होतं. परस्परविरोधी, अर्थहीन वाक्यांचं भाषण त्याने इतक्या ऐटीत केलं की श्रोत्यांनी त्याला उत्तम अभिप्राय दिले. फसणारे विद्यार्थी नव्हते, जाणकार होते. २०१५ मध्ये लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी एका ऑनलाइन वर्गात शिक्षकांची नावं अदलून-बदलून पाहिली. दोन्हीकडे गृहपाठ सारख्याच वेळात तपासून मिळत होता, पण शिक्षक बाई आहे असं ज्यांना वाटत होतं त्यांनी तत्परतेलाही कमी गुण दिले. तो वर्ग लहान होता, त्यावरून फार मोठी विधानं करू नयेत. पण स्त्री प्राध्यापकांना ही गोष्ट कोणी आकड्यांनी पटवून द्यायची गरज नसते.

एवढं असूनही अभिप्राय वाचायचे. ‘आवडलं की नाही’ हा रकाना सोडून द्या. ‘आवाज मागे येत नाही’, ‘उत्तरपत्रिका महिनाभर मिळाली नाही’, ‘प्रश्न विचारला की सर चिडतात’ हे मात्र मुलांइतकं खात्रीने दुसरं कोणीच सांगू शकत नाही. तुमच्या गठ्ठ्यात असं काही आहे का ते बघा. असेल तर ते आधी दुरुस्त करा.

प्रश्न : सुटीत मी एका प्राध्यापकांच्या प्रकल्पात काम केलं. सगळी रीडिंग मी घेतली. निबंध छापून आला, त्यात माझं नाव नाही, शेवटी आभारात आहे. मित्र म्हणतात, गप्प बस, गुण त्यांच्याच हातात आहेत. — पदव्युत्तर विद्यार्थिनी

गप्प बसू नकोस, पण भांडायलाही जाऊ नकोस. आधी नियम समजून घे. लेखक कोणाला म्हणायचं, याचे संकेत विषयागणिक वेगळे असतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत : कामाच्या आखणीत किंवा माहिती मिळवण्यात, तपासण्यात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या खरेपणाची जबाबदारी. चारही हव्यात. या कसोटीवर नुसती रीडिंग घेणाऱ्याचं नाव आभारात जातं. पण त्याच समितीने हेही म्हटलंय की पहिल्या अटीत बसणाऱ्याला मसुदा वाचायची, सुधारायची संधी मिळायला हवी. म्हणजे आधी लेखनातून बाहेर ठेवायचं आणि मग ‘लेखनात नव्हतीस’ म्हणायचं, हे चालत नाही. तुला मसुदा दाखवला होता का? माझ्या दृष्टीने सगळं त्यावर अवलंबून आहे.

नावांच्या क्रमाचंही तसंच. गणितात बहुधा वर्णक्रमाने नावं येतात. जीवशास्त्रात ज्याने हाताने काम केलं तो पहिला आणि प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटचा. बाहेरच्या माणसाला शेवटचं नाव सर्वांत खालचं वाटतं, प्रत्यक्षात तो मान असतो.

जॉसेलिन बेल यांनी १९६७ मध्ये संशोधक विद्यार्थिनी असताना दुर्बिणीच्या कागदी पट्ट्यांवरच्या नोंदी तपासताना एक छोटीशी विचित्र खूण हेरली. तोच पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा. निबंधावर त्यांचं नाव दुसरं होतं. १९७४ चं नोबेल मात्र त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना मार्टिन राइल यांच्याबरोबर मिळालं. २०१८ मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, तेव्हा ती सगळी रक्कम त्यांनी ज्या गटांतली मुलं भौतिकशास्त्रात फारशी दिसत नाहीत त्यांतल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली. श्रेयाचा हा प्रश्न जुना आहे, आणि तो विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

तू प्राध्यापकांना भेट आणि विचार : ‘सर, या कामात लेखक म्हणून नाव यायला मी आणखी काय करायला हवं होतं?’ उत्तर ऐकून घे. पुढच्या कामात हे सुरुवातीलाच विचारून घे, आणि जे ठरेल ते त्याच दिवशी ई-मेलने त्यांना कळव : ‘आज आपलं असं बोलणं झालं.’ तुझी वही तुझ्याजवळ असू दे, तारखांसकट. उत्तर टाळलं गेलं किंवा गुणांची भीती घातली गेली, तर विभागप्रमुखांकडे जा, तेही एकटी नको. आणि प्राध्यापक मंडळींना मी इथूनच सांगते : मुलांनी स्वतः हा विषय काढायची वाट बघू नका. ज्याच्या हातात गुण असतात, बोलायला सुरुवात त्यानेच केली पाहिजे.

प्रश्न : मुलीच्या गाइडने तिचं तेच प्रकरण पुन्हा पुन्हा परत पाठवलंय. ती रडते. हा छळ नाही का? — एक पालक

परत आलेल्या पानांवर काय लिहिलंय ते मुलीला विचारा. ‘ही आकृती कुठल्या माहितीवरून?’, ‘हा निष्कर्ष तक्त्यातून निघत नाही’ असं लिहिलं असेल तर तो माणूस तिच्यासाठी वेळ देतोय. हेच प्रश्न नियतकालिकाचे परीक्षक विचारणार आहेत, आणि तेव्हा समजावून सांगायला कोणी नसेल. आइन्स्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्याबरोबर १९३६ मध्ये गुरुत्वीय लहरींवर निबंध पाठवला होता. अशा लहरी नसतातच, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपादकाने तो परीक्षकाच्या दहा पानी आक्षेपांसह परत केला. आइन्स्टाइन रागावले, निबंध मागे घेतला, पण तो दुसरीकडे छापला जाण्याआधी चूक लक्षात आली आणि निष्कर्ष बदलला. परीक्षकाचं म्हणणं बरोबर होतं.

पानांवर नुसतं ‘पुन्हा लिहा’ असेल, किंवा महिनोन् महिने काहीच उत्तर नसेल, किंवा पाणउतारा असेल, तर तुमचं म्हणणं खरं आहे. मग मुलीने संशोधन समितीतल्या दुसऱ्या सदस्याशी बोलावं. तुम्ही स्वतः गाइडना फोन करू नका. ती मोठी आहे.

प्रश्न : तासाला एका मुलाने प्रश्न विचारला, मॅडम म्हणाल्या ‘मला माहीत नाही’. मागच्या बाकावर हशा पिकला. मलाही वाटलं, प्राध्यापक कशाला झाल्या मग? — पहिल्या वर्षाचा विद्यार्थी

पुढच्या तासाला त्या उत्तर शोधून आल्या का? बहुतेक आल्या असतील, आणि त्या वेळी मागच्या बाकाचं लक्ष नसेल.

शाळेत आपण ज्यांची उत्तरं ठरलेली आहेत असेच प्रश्न सोडवतो, म्हणून शिक्षकाला सगळं यायलाच हवं असं वाटतं. संशोधन करणारा माणूस मात्र रोज सकाळी माहीत नसलेल्या गोष्टीकडेच जातो. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या एका निबंधातले निष्कर्ष पुन्हा मिळेनात, तेव्हा २०२० च्या सुरुवातीला त्यांनी तो मागे घेतला आणि तसं स्वतः जाहीर केलं. नोबेलनंतर हे करायला केवढं बळ लागत असेल! तुझ्या मॅडमनी पन्नास-साठ मुलांसमोर तेच बळ दाखवलं. खोटं उत्तर ठोकून देणं त्यांना अगदी सोपं होतं, आणि तुमच्यापैकी कोणालाही ते कळलं नसतं.

प्रश्न : मला एका मॅडमच्या प्रयोगशाळेत काम करायचं आहे, पण जायची भीती वाटते. काय बोलू? — दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

आधी त्यांचा एक निबंध मिळव, फक्त एक, शक्यतो अलीकडचा. सारांश वाच आणि मग थेट ‘साहित्य व पद्धती’ या भागावर जा. सगळं कळणार नाही, कळायची अपेक्षाही नाही. ज्या दोन जागी अडलास तिथे पेन्सिलने खूण कर आणि त्या दोन जागा घेऊनच भेटायला जा. ‘मला संशोधनाची खूप आवड आहे’ हे वाक्य नको. ते सगळेच म्हणतात. त्यापेक्षा ‘यात बिया चोवीस तास भिजवल्या आहेत, बारा तास का नाही?’ असं विचार. माझ्याकडे असा प्रश्न घेऊन आलेल्या कोणाला मी परत पाठवलं नाही.

आठवड्यात किती वेळ देऊ शकतोस ते खरं सांग. परीक्षेच्या काळात येता येणार नाही, हेही आधीच सांग. सुरुवातीला बाटल्या धुणं, लेबलं लावणं, मोजणं एवढंच मिळेल. ते नीट कर, कारण लेबल चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं. आणि महिनाभराने त्यांना एक विचार : यंदा काय जमलं नाही? बहुतेक प्राध्यापक या प्रश्नावर खुर्ची ओढून बसायला सांगतात.